सफरअलीची हाक

रोज सकाळी सात वाजता सियाहसंगच्या डोंगरावरचे सगळे वायरलेस एकदम खरखरायचे आणि त्यातून आधी यायचा तो सफरअलीचा खाकरा. मग बातमी.

"खांबापाशी बर्फ एकशे चाळीस सेंटी. कालपासून पंचवीस. वारा पश्चिमेचा, आईबापावरून शिव्या देतोय. वर पापडी, मधे पीठ, तळाला साखर. पियाला बंद."

संपलं. बत्तीस वर्षं हाच आवाज. खाली ऑफिसात इंजिनियर तवांगर ती बातमी लिहून घ्यायचे आणि तेहरानला पाठवताना तिला न्हाऊमाखू घालून पाठवायचे: ताजा बर्फ, स्वच्छ हवा, सहकुटुंब या. सफरअली चिडत नसे. "त्यांचं काम बोलावणं, माझं काम हाकलणं," एवढंच म्हणायचा.

अठ्ठावन्न वर्षांचा बुटका, रुंद गडी. नाकाचा शेंडा एका हिवाळ्यात गोठून गळून पडलेला. मशहदची यात्रा केल्यापासून गाव त्याला मश्-सफर म्हणत असे. उजाडताच तो फावडं घेऊन वर जायचा, कमरेइतका खड्डा खणायचा, हातमोजा काढायचा आणि उघडा पंजा बर्फाच्या भिंतीत थरांथरांतून खाली सरकवत न्यायचा. तळाशी पोचल्यावर मुठीत येई ती साखर. थंडीच्या सुरुवातीला पडलेला पहिला बर्फ निरभ्र रात्रींमधे नुसता पडून राहिला की त्याचे सुटे, खडबडीत दाणे होतात. त्याच्यावर नंतर कितीही बर्फ पडो, तो म्हणजे मोहरीवर ठेवलेली फरशी. कुणीतरी पाय द्यायचाच अवकाश.

त्या वर्षी पहिला बर्फ लवकर पडला आणि मग चाळीस दिवस आकाश कोरडं राहिलं. साखर हातभर झाली. बहमन महिना उजाडला आणि आभाळ फाटलं. तीन दिवस वारा असा सुटला की तिकिटाच्या खिडकीवरचा पत्रा उडाला तो थेट एका खेचराच्या मानेत बसला. खेचर उभं होतं तसंच गेलं. रक्त बर्फावर पडून वाफाळत राहिलं आणि वरून बर्फ पडतच होता. चौथ्या दिवशी सूर्य निघाला. पियाला, म्हणजे कड्याखालचा तो प्रचंड वाडग्यासारखा उतार, नव्या चादरीसारखा तकतकीत दिसत होता. सफरअलीने खड्डा खणला, मूठ उघडली, आणि खाली येऊन पियालाच नाही, स्कीवाल्यांना वर नेणारा खुर्च्यांचा पाळणासुद्धा बंद केला.

त्याचं आणि त्याच्या भावाचं वाजलं ते इथे.

भावाचं नाव बहमन. फारसीत बहमन म्हणजे थंडीचा मधला महिना. बहमन म्हणजे डोंगरावरून सुटलेला हिमलोटही. आणि बहमन हे माणसाचं साधं नावही आहे. या भावाच्या बाबतीत तिन्ही एकच. सफरअली बारा वर्षांचा असताना, त्याच महिन्यात, भर दुपारी हिमलोट गावात शिरला. गोठा गेला आणि गोठ्यात धार काढायला गेलेल्या दोघी बहिणी गेल्या. खालच्या खोलीत आईला कळा येत होत्या. बाप गल्लीतून धावत आला तो एकच शब्द ओरडत, "बहमन! बहमन!" आणि त्याने नखं उपटेपर्यंत बर्फ उकरला. दोघी मिळाल्या, थंडगार. संध्याकाळी आत मूल रडलं तेव्हा बाप म्हणाला, "ज्याने नेल्या त्यानेच हे दिलं. त्याचंच नाव याला." पुढे त्याच नावाने हाक मारून त्याने त्या पोराला पट्ट्याने सोललं. त्यातला निम्मा पट्टा सफरअलीच्या पाठीवर उतरला, कारण तो मधे उभा राहायचा.

मोठेपणी दोघं सियाहसंगलाच लागले. बहमन पाळण्याचा मिस्त्री झाला. त्याची जागा मधल्या ठाण्यात, काळ्या खडकाच्या पाठीमागे, काँक्रीटच्या खोलीत. हिमलोट आला तर त्या खडकावर आपटून दोन्ही बाजूंना फाटेल, खोलीला ओरखडा येणार नाही, असा हिशोब. वायरलेस आले त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यावर सहज म्हणालं, "बहमन हॉटेलपाशी आला." झालं. हॉटेलातले तीस-चाळीस तेहरानकर मोज्यांवर बाहेर पळाले आणि एका म्हाताऱ्याने पळताना बायकोला मागे ढकललं, त्यावरून त्यांचा घटस्फोट व्हायचा बाकी राहिला. त्या दिवशी सफरअलीने नियम केला: वायरलेसवर हिमलोटाला बहमन म्हणायचं नाही. 'अरूस' म्हणायचं, नवरी. पांढरी, सजून येणारी, घर मोडणारी. बहमन म्हणजे फक्त माझा भाऊ. बत्तीस वर्षांत तो नियम कुणी मोडला नाही. मोडला असता तर सफरअलीने त्याचे दात पाडले असते.

आता ते भांडण. सफरअलीची बायको माहबानू पायथ्याशी आशची, म्हणजे डाळी-पाल्याच्या दाट सूपची, टपरी चालवायची. तिथे दुपारी दोघं भाऊ जेवायला बसले होते.

"दादाश," बहमन म्हणाला, "पियाला बंद ठेव, तुझं खरं. पण पाळणा का बंद? बाजूचा सोपा उतार तर आहे. वर दोरी बांध आणि सोड लोकांना."

"दोरीनं बकरी थांबते. तेहरानकर थांबत नाही."

"किती दिवस चाक उभं ठेवणार? निम्मं गाव त्या चाकावर जेवतं."

"उपाशी माणूस निदान जिवंत असतो."

बहमनने भाकर खाली ठेवली. "सगळे म्हणतात तुला बर्फ कळतो. मी सांगतो, तुला फक्त भीती कळते. आणि ती दुसऱ्याच्या नरड्यात कोंबायची कशी तेही कळतं. अगदी बाबा."

सफरअलीची मूठ त्याच्या तोंडावर कधी गेली ते सफरअलीलाही कळलं नाही. समोरचा दात तुटून आशच्या वाटीत पडला. बहमन उठला, दारापाशी टेकवलेलं फावडं त्याने उचललं आणि थोरल्या भावाच्या खांद्यावर आडवं हाणलं. बाकं उलटली, समोवार कलंडला. दोघं जमिनीवर एकमेकांचे कान ओढत लोळत असताना माहबानूने पळीभर उकळतं आश त्यांच्या मधोमध ओतलं. मधोमध म्हणजे दोघांच्याही अंगावर.

"जनावरं," ती म्हणाली. "जनावरंसुद्धा गोठ्यात जेवताना भांडत नाहीत."

त्या दिवसापासून अबोला. सख्ख्या भावांचा, एकाच डोंगरावर, हातात वायरलेस असताना. टपरीतही एक वायरलेस होता; निरोप माहबानूमार्फत जायचे आणि सगळा डोंगर कान लावून ऐकायचा.

"माहबानू, पाळण्यावरच्या माणसाला सांग, सातव्या खांबाची चाकं गोठलीत."

"बहमन, ऐकलंस का?"

"वहिनी, त्या बर्फवाल्याला सांग, मला डोळे आहेत."

"तो म्हणतो त्याला डोळे आहेत."

"मला ऐकू आलं."

"मग मला कशाला शिणवता, मेल्यांनो? माझं आश करपतंय."

अकराव्या दिवशी शुक्रवार होता, सुट्टीचा. इंजिनियरसाहेबांनी निर्णय घेतला: पाळणा चालू, पियाला बंद, वर दोरी. म्हणजे बहमन म्हणाला होता तसंच. काठी आणि वायरलेस घेऊन सफरअली स्वतः कड्यावर दोरीपाशी जाऊन उभा राहिला. वारा पडला होता आणि ऊन असं कडक की डोळ्यांत पाणी यावं. खालून एकेक खुर्ची माणसं आणून ओतत होती.

सकाळभरात त्याने अकरा जणांना परतवलं. बारावा पिवळ्या जाकिटातला एक तरुण होता.

"काका, बाजूला व्हा. मी याच्यापेक्षा मोठे उतार परदेशात उतरलोय."

"मग तिथंच मरायचं होतंस. इथं कशाला आलास?"

"तुम्ही पोलीस आहात?"

"नाही. पोलीस नंतर येतात, पंचनाम्याला."

पोराने त्याला छातीवर ढकललं. सफरअली दोन पावलं मागे गेला आणि त्याने हातातली काठी पोराच्या पाठीत घातली, जाकिटातून हाडाचा आवाज यावा अशी. पोरगं गुडघ्यावर पडलं. उठलं ते हसतच, आणि दोरीखालून वाकून निसटलं. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणाला डोंगर हुंकारला. म्हणजे अक्षरशः तसाच आवाज: पोटातून आलेला, जड, कुणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा. सफरअलीच्या पायापासून एक भेग निघाली आणि विळ्याच्या पात्यासारखी वाकत पियालाच्या पार त्या टोकापर्यंत गेली. फरशी मोहरीवरून सुटली.

कडा त्याच्या पायाखालून तुटला. काठी रोवून तो पोटावर लटकला, एका हाताने वायरलेसचं बटण दाबलं. तोंडात जो शब्द यायला हवा होता तो त्याने स्वतः घडवलेला होता, बत्तीस वर्षं घोटलेला होता. पण माणूस मरणाच्या काठावर लटकला की कामावरचा शब्द कामाला येत नाही. घशातून जे बाहेर पडलं ते बारा वर्षांच्या पोराने गल्लीत ऐकलेलं होतं.

"बहमन! बहमन!"

खडकामागच्या खोलीत बहमन चहात खडीसाखर बुडवत बसला होता. वायरलेसवर हिमलोटाची हाक असती तर ती 'अरूस' अशी आली असती, आणि तो दार लावून, चाक थांबवून आत बसला असता. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण ही हाक निराळी होती. अकरा दिवसांनी दादाशने त्याचं नाव घेतलं होतं. वहिनीच्या मार्फत नाही, थेट. आणि असं, की जणू कुणी नरडं दाबतंय. बहमनने चाक थांबवलं नाही, टोपी घेतली नाही. वायरलेस मुठीत तसाच धरून, दार उघडून तो खडकाला वळसा घालून उघड्यावर आला, दहा पावलं, आणि भाऊ कुठे दिसतो का म्हणून मान वर केली.

बर्फाच्या आधी त्याची हवा आली. तिने त्याला उचलून आपटलं. मागून लोट आला तो नुसता बर्फ नव्हता. दगड होते, उपटून आलेला बर्फ मोजायचा खांब होता, आणि खुर्चीएवढी ढेकळं एकमेकांना दळत येत होती. काळ्या खडकावर आपटून लोट दोन्हीकडे फाटला, अगदी ठरल्या हिशोबाने. खोलीच्या खिडकीची काचसुद्धा फुटली नाही. आत चाक फिरतच राहिलं. खुर्च्यांना आवरायला कुणी नव्हतं म्हणून एक बाई वरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पिवळं जाकीट मात्र कडेने निसटून पायथ्याला पोचलं होतं आणि मोबाइलवर चित्रीकरण करत होतं. माहबानूने तो मोबाइल हिसकावून आशच्या पातेल्यात टाकला, फावडं घेतलं आणि वर धावत सुटली.

सफरअली कड्यावरून उतरला नाही, घसरत पडत आला. खोलीचं दार उघडं, चहा वाफाळतोय, माणूस नाही. खडकाच्या उजवीकडे ढेकळांचा ढीग पुरुषभर उंच. तो त्यावर चढला, आणि कुठे खणायचं ते बत्तीस वर्षं बर्फ वाचणाऱ्या माणसाला कळेना. मग त्याने वायरलेस तोंडाशी धरला. "बहमन," तो म्हणाला. थांबला. पालथा पडून बर्फाला कान लावला. पुन्हा, "बहमन." चार पावलं सरकून परत. पाचव्या खेपेला बर्फाच्या आतून कुणीतरी बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणालं, "बहमन." त्याचाच आवाज होता, भावाच्या मुठीतल्या वायरलेसमधून येत होता.

माहबानू आणि गावातले दोघं पोचले तोवर त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. बर्फ पडताक्षणी सिमेंटसारखा आवळला होता. फावडं मारलं की ठिणगी उडेल असं वाटावं. हात लागला तो आधी उलटा वळलेला पाय. मग डोकं. तोंड निळं, डोळे अर्धे उघडे, घशात बर्फाचा बोळा. सफरअलीने जबडा फाकवून दोन बोटं आत घातली आणि बोळा उपसला. छातीवर गुडघा ठेवून दाबलं. फासळी मोडल्याचा आवाज आला तरी तो दाबतच राहिला. चौथ्या दाबाला बहमनचा जबडा मिटला, तो बोटांवर. हाडापर्यंत दात गेले. सफरअलीने हात काढून घेतला नाही.

"काय झालं," बहमन पुटपुटला. "कशाला बोलावलंस?"



आठवड्यानंतर तेहरानहून चौकशीला दोन माणसं यायची होती. पाय दोन जागी मोडलेला, फासळ्या बांधलेल्या, पण बहमनला इस्पितळातून सोडलं होतं. चालतं यंत्र, वर तीस माणसं, आणि मिस्त्री जागेवर नाही: हुकमाशिवाय उठला असेल तर तुरुंग. हुकमाने उठला असेल तर दोष हुकूम देणाऱ्याचा. आदल्या संध्याकाळी माहबानूने नवऱ्याच्या बोटांची पट्टी बदलताना विचारलं.

"तू त्याला हाक नव्हती मारलीस."

"नाही."

"मी ओळखलं. तो आवाज तुझा नव्हताच, तुझ्या बापाचा होता." तिने गाठ आवळली. "आत जाऊन काय सांगणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस. अकरा दिवस मी तुमच्या दोघांची जीभ होते. पुरे झालं."

चौकशी इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात झाली. साहेब खिडकीपाशी उभे, पाठमोरे. दोघांपैकी चष्म्यातल्याने कागद उलगडला.

"दहा चौतीसला वायरलेसवर तुम्ही दोनदा 'बहमन' म्हणालात. तुमच्याकडे हिमलोटासाठी काय शब्द आहे?"

"अरूस."

"हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग हा बहमन म्हणजे?"

बाहेर कुणीतरी गाडीच्या चाकांना साखळ्या बांधत होतं, तो खणखणाट ऐकू येत होता.

"माझा भाऊ," सफरअली म्हणाला.

"कशासाठी बोलावलंत?"

"दोरीपाशी मदतीला. पोरं एकट्याला आवरत नव्हती."

"पाळणा चालू आहे हे माहीत असताना?"

"हो."

"हाक लोट सुटायच्या आधीची की नंतरची?"

"आधीची."

चष्मेवाल्याची लेखणी थांबली. खिडकीपाशी इंजिनियरसाहेब वळले. बत्तीस वर्षं त्यांनी या माणसाची बातमी खोटी करून पाठवली होती, पण त्याला स्वतःला खोटं बोलताना ते पहिल्यांदा ऐकत होते.

"म्हणजे लोट सुटल्यावर," चष्मेवाला सावकाश म्हणाला, "तुम्ही इशारा दिलाच नाही. एकदाही नाही."

"नाही."

"तसं लिहू?"

"लिहा."

त्याने वायरलेस टेबलावर ठेवला, किल्ल्या ठेवल्या, सही केली. बोटांच्या पट्टीमुळे सही वेडीवाकडी आली.

बाहेर पिकअपपाशी बहमन कुबड्यांवर उभा होता. माहबानू आधीच चाकामागे बसली होती.

"सोडलं मला?"

"सोडलं."

"आणि तुला?"

"काढलं."

"कशाबद्दल? हाक मारली म्हणून?"

"इशारा दिला नाही म्हणून."

बहमन त्याच्याकडे बघत राहिला. तुटलेल्या दाताच्या फटीतून श्वास शिट्टीसारखा येत होता. "पायाखालचा कडा तुटतोय," तो म्हणाला, "आणि सफरअली इशारा देत नाही. हे त्या तेहरानवाल्यांना खपलं असेल. मला नाही खपत." मग त्याचा चेहरा बदलला. हळूहळू नाही, एकदम, कानफटात बसल्यासारखा. "तू इशाराच देत होतास. मला हाक मारलीच नव्हतीस."

सफरअलीने पिकअपचं दार उघडलं.

"म्हणजे मी बर्फाला ओ दिली."

कुबडी उचलून त्याने ती भावाच्या नडगीवर हाणली. पुन्हा मांडीवर हाणली. तिसऱ्या खेपेला त्याचाच तोल गेला तेव्हा सफरअलीने त्याला काखेत धरलं, आणि धरलेल्या हातांवरही बहमनने दोन गुद्दे घातले.

"नंतर मारली होती," सफरअली म्हणाला. "ढिगाऱ्यावर. पाच वेळा. ती तुलाच होती."

"तेव्हा मी बेशुद्ध होतो."

"म्हणून तर सांगतोय."

"बसताय का दोघं," माहबानूने काच खाली केली, "की इथंच मारामारी करून परत पुरून घेताय? खणायला आता याला पगार नाही."

सफरअलीने प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. कळ मस्तकात गेली तसा बहमनने त्याचा, त्याच्या बर्फाचा आणि त्याच्या साखरेचा उद्धार सुरू केला, तो गाव येईपर्यंत थांबला नाही. सफरअली सगळं ऐकत होता. एका वळणावर त्याने फक्त एवढंच म्हटलं, "पाय जरा वर धर," आणि बहमनने धरला.